काय जी, दमले काय?

वऱ्हाडातल्या रस्त्यावरून एकट्याने प्रवास करणे ही मोठी कठीण गोष्ट आहे. रस्ते वाईट आहेत म्हणून नव्हे. तुम्हांला कोणी एकटे राहूच देत नाही म्हणून. अकोल्याहून अकोट सुमारे ४५ किलोमीटर. परंतु तेवढ्या अंतरात आपले गाव, आडनाव, नोकरी, पगाराचा अंदाज, मुलींची लग्ने आणि अकोटला कोणाकडे निघालो आहोत एवढी सारी माहिती शेजारच्या माणसाच्या स्वाधीन करून आपण मोकळे झालेले असतो. उलट त्याच्याकडूनही कपाशीचा भाव, बोंडअळीचा उपद्रव आणि धाकट्या भावाशी चाललेला बांधाचा तंटा इतका ऐवज आपल्या पदरी पडतो. व्यवहार रोखीचा असतो. कोणी कोणाचे देणे ठेवत नाही.

माझी थोरली बहीण अकोटला दिलेली. त्यामुळे भाऊबीजेच्या निमित्ताने या वाटेने मी किती वेळा गेलो असेन त्याचा हिशेब नाही. पूर्वी मीटरगेजची छोटी गाडी होती. ती अकोल्याहून अकोटवरून सातपुड्याच्या जंगलात शिरे आणि खांडव्याकडे जाई. २०१७ साली ती बंद झाली, रूळ रुंद करण्याचे काम निघाले, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात अकोला ते अकोट एवढ्या टप्प्यावर नवी गाडी सुरू झाली. रूळ रुंद झाले. गप्पा आधीपासूनच ऐसपैस होत्या, त्यांना काही फरक करावा लागला नाही.

रस्त्याने गेले तर गांधीग्रामला पूर्णा ओलांडावी लागते. दोन्ही बाजूंना काळीभोर, पायाला चिकटणारी जमीन. हा खारपाणपट्टा. इथल्या विहिरींचे पाणी मचूळ; पिण्याच्या कामाचे नाही आणि पिकालाही सोसवत नाही. पुढे चोहोट्टा बाजार मागे पडला, की उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ दिसू लागते. तिच्या पायथ्याकडे सरकावे तसे पाणी गोडे होते, आणि पाण्याबरोबर शेतेही बदलतात. संत्र्याच्या बागा, केळी, नागवेलीचे पानमळे. म्हणून की काय, या वाटेवर पहिला प्रश्न “कुठी चालले जी?” असा असला, तरी दुसरा नेहमी “पाणी घेता काय?” असा असतो. पुण्यात वीस वर्षे रोज सकाळी एकाच टेकडीवर भेटणारी माणसे एकमेकांना नुसती भुवई उंचावून ओळख देतात. तिथून येणाऱ्या माणसाला अकोटचा रस्ता पहिल्या दिवशी अंगावर येतो, दुसऱ्या दिवशी त्याची गंमत वाटते, आणि परत पुण्याला गेल्यावर टेकडीवर चुकल्याचुकल्यासारखे होते.

हे सारे सांगण्याचे कारण माझा भाचा. तो पुण्यात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात ट्रायथलॉन नावाच्या प्रकारात अंग मोडून घेतो. पोहणे, सायकल आणि धावणे ही तिन्ही कामे एकापाठोपाठ एक, मध्ये न बसता, करायची. तो करतो त्या मधल्या आकाराच्या शर्यतीत १.९ किलोमीटर पोहायचे, ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावायचे. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर अशी मोठी शर्यत २०१९ च्या ऑक्टोबरात प्रथम झाली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांतून असे एकेक वेड बाहेर पडू लागले आहे. बँकेतले अधिकारी, दातांचे डॉक्टर, दोन मुलांच्या आया पहाटे चार वाजता उठून तलावाकडे निघतात, आणि घरची माणसे कूस बदलून पुन्हा झोपतात.

गंमत अशी, की या शर्यतीचा सर्वांत मोठा अवतार गप्पांतूनच जन्माला आला. हवाई बेटांवर १९७७ साली एका धावण्याच्या शर्यतीचा बक्षीससमारंभ चालला होता. तिथे वाद निघाला, की अधिक दमदार कोण, पोहणारा, सायकलवाला की धावणारा? वाद काही मिटेना. अमेरिकन आरमारातले एक अधिकारी, जॉन कॉलिन्स, उठले आणि म्हणाले, तिन्ही एकत्र करून पाहू. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण समुद्रात उतरले, ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल चालवून आणि ४२.२ किलोमीटर धावून १२ जण शेवटास पोचले. पहिला आलेला गॉर्डन हॉलर याला पावणेबारा तास लागले. दुसऱ्या क्रमांकाच्या गड्याजवळचे पाणी वाटेत संपले, तेव्हा त्याच्या मदतनिसांनी त्याला बिअर पाजली, अशीही हकीकत सांगतात. आमच्या वऱ्हाडात पारावरच्या वादातून पुष्कळ गोष्टी निघतात, पण दुसऱ्या दिवशी कोणी समुद्रात उतरल्याचे ऐकिवात नाही. समुद्र लांब आहे हे एक कारण असेल.

तर ज्या शर्यतीचा जन्म गप्पांतला, तिच्यात बोलायची मात्र पंचाईत. पाण्यात तर तोंड उघडले की खारे पाणीच आत जाते. सायकलवर दोघांमध्ये १२ मीटरांचे अंतर ठेवावे लागते. पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवून फुकटचा वेग कोणी घेऊ नये म्हणून हा नियम. पुढे जायचे असेल तर २५ सेकंदांत ओलांडून निघून जायचे. शेजारी शेजारी सायकल चालवत सुखदुःखाच्या गोष्टी केल्या, तर पंच येऊन दंड करतात. कानात गाणी लावण्यालाही बंदी. तेव्हा तीन-साडेतीन तास माणूस आणि त्याचे विचार, एवढीच सोबत. उरले धावणे. तिथे जोडीने पळायला मुभा आहे आणि बोलायलाही. पण त्या वेळी बोलण्याइतका दम कोणापाशी उरलेला असतो?

“म्हणूनच तर रीत लागते, मामा,” भाचा मला म्हणाला. गेल्या वर्षीची भाऊबीज होती. अंगणात आम्ही दोघे बसलो होतो आणि तो सायकलची साखळी पुसत होता.

त्याचे म्हणणे असे, की शर्यतीतल्या बोलण्याचा पहिला नियम म्हणजे दुसऱ्याचा श्वास ऐकणे. धावपटूंना शिकवणारे लोक ‘बोलण्याची कसोटी’ सांगतात. पूर्ण वाक्य बोलता येते तोवर चाल हलकी. दोन-चार शब्दांवर माणूस थांबू लागला, की चाल कठीण. आणि नुसता हुंकार निघू लागला, की त्याला एकटे सोडावे. ज्याचा हुंकार निघतो आहे त्याला “तुमची मुलं कितवीत?” असे विचारणे म्हणजे जेवत्या माणसाच्या ताटात हात घालणे. विचारायचेच असेल तर मान हलवून उत्तर देता येईल असे विचारावे. ओलांडून जाताना “उजवीकडून येतो” एवढे आधी म्हणावे. सायकलवर त्याची गरज फार, कारण दचकून हँडल वळले की दोघेही आडवे. “कितवी वेळ?” हे विचारायला हरकत नाही. “किती वेळात संपवणार?” हे मात्र विचारू नये. त्यातून एकतर आपली फुशारकी दिसते किंवा त्याची फजिती होते.

“आणि सर्वांत वाईट काय सांगू?” तो म्हणाला. “थोडंच राहिलं! हे वाक्य.”

मला ते पटले. या वाक्याने वऱ्हाडात माझे किती पाय तुटले आहेत म्हणून सांगू! इथे कोणत्याही गावाचे अंतर विचारा, “हे काय, त्या वावराच्या पल्याड” असे उत्तर मिळते. मग आपण ते वावर ओलांडतो, पुढचे ओलांडतो, आणि तिसऱ्या वावरात दुसरा एक सज्जन तेच उत्तर देतो. हेतू चांगला असतो. चालत्या माणसाचे मन मोडू नये. पण दमलेल्या माणसाला खोट्या अंतराइतके दुसरे काही दमवत नाही. भाचा म्हणतो, शर्यतीतल्या जाणत्या माणसाने नेमका आकडा सांगावा. “चार किलोमीटर राहिले, पुढच्या वळणावर पाणी आहे.” हा आधार खरा. बाकी टाळ्या.

स्पर्धकांमधल्या सलगीला हद्द कुठे घालावी यावर जगभर वाद झाले आहेत. २०१६ साली मेक्सिकोत कोझुमेल येथे जॉनी ब्राउनली हा इंग्लिश गडी पहिल्या क्रमांकावर पळत असता उन्हाने भोवळ येऊन लडखडू लागला. मागून त्याचा थोरला भाऊ अ‍ॅलिस्टर आला. त्याने भावाच्या काखेत हात घातला, त्याला ओढत शेवटच्या रेषेपर्यंत नेले आणि स्वतःच्या पुढे ढकलून दिले. दरम्यान दक्षिण आफ्रिकेचा हेन्री शूमन पुढे निघून पहिला आला. ते दृश्य पाहून जगाचे डोळे भरून आले, आणि पुढच्या वर्षी नियम झाला, की एकाने दुसऱ्याला हात देऊन पुढे न्यायचे नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये टोकियोत दोन ब्रिटिश मैत्रिणी हातात हात घालून हसत हसत एकदमच रेषा ओलांडून गेल्या. पंचांनी दोघींनाही बाद केले. ठरवून बरोबरी साधणे नियमात बसत नाही. मागून आलेली फ्लोरा डफी पहिली ठरली. ऐकायला हे कठोर वाटते. पण मला विचाराल तर नियम बरोबर आहे. शर्यत ही शर्यतच राहिली पाहिजे. तिची लग्नाची वरात करून चालणार नाही. मात्र २०२० साली स्पेनमध्ये सांतांदेर येथे एक जण शेवटच्या वळणावर वाट चुकून कठड्याकडे गेला, तेव्हा त्याच्या मागे असलेला दिएगो मेन्त्रिदा रेषेच्या अलीकडे थांबला. त्याला पुढे जाऊ दिले, आणि आपला तिसरा क्रमांक सोडून दिला. त्याला कोणत्या पंचाने काय म्हणावे?

भाचा हे सांगत होता, पण त्याच्या आवाजात काहीतरी अडत होते. कारण मला ठाऊक होते. निदान मला तसे वाटत होते. महिन्यापूर्वीच तो पश्चिम किनाऱ्यावरच्या एका शर्यतीत उतरला होता. वर्षभर तयारी केली होती, कर्ज काढून सायकल घेतली होती. आणि पहिल्याच टप्प्यात, पोहण्यात, बाद होऊन परत आला होता. पाण्यातून बाहेर यायला ७० मिनिटांची मुदत असते. याला चार मिनिटे अधिक लागली. पायाला बांधलेली खूणपट्टी तिथेच काढून घेतली. सायकलला हातही लागला नाही.

अकोटला या गोष्टीचे आपल्या परीने रूपांतर झाले होते. गल्लीत सर्वांना माहीत होते, की पोरगा समुद्रात घाबरला. कोणी म्हणे लाट आली, कोणी म्हणे पायात गोळा आला, आणि पलीकडच्या काकूंनी तर “बुडता बुडता वाचला” इथवर मजल नेऊन नवसही बोलला होता. ताईने डोळ्यांत पाणी आणून मला सांगितले, “तू त्याला समजाव. पुरे झालं म्हणावं ते. तुझं तो ऐकतो.” मेहुणे काही बोलत नव्हते, पण ते सायकलकडे बघत, तेव्हा तिच्या हप्त्याकडे बघत असल्यासारखे दिसत.

एकट्या आबाजींना हे मान्य नव्हते. आबाजी म्हणजे ताईच्या घरचे जुने सालदार. सत्तरी उलटली, शेतावरचे काम सुटले, तरी सकाळी विहिरीपर्यंत एक फेरी चुकत नाही. भाच्याला याच विहिरीत, कमरेला सुका भोपळा बांधून, त्यांनी पोहायला शिकवलेले. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “पाव्हनं, ते पोरगं पान्याले भेनारं नोहे जी. पाच पुरुस पान्यात रात्री उतरलेलं पोट्टं हाय ते. कायतरी दुसरंच हाय. सांगून नाई रायलं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे भाच्याने मला सायकलवर बसवले. त्याची ती पिसासारखी हलकी सायकल त्याला, आणि मेहुण्यांची जुनी, घंटा सोडून सर्व भागांतून आवाज करणारी सायकल मला. अकोटच्या उत्तरेला पोपटखेडच्या बाजूने रस्ता सातपुड्याकडे जातो. कपाशीची बोंडे फुटली होती, वेचणीला निघालेल्या बायांचे घोळके रस्त्याच्या कडेने चालले होते. तुरी कमरेएवढ्या झालेल्या. अंगावर किंचित शहारा आणणारी थंडी.

पहिल्या तासात आमची चौकशी आठ वेळा झाली. एका वृद्ध गृहस्थांनी मोटारसायकल हळू करून आमच्या बरोबरीने चालवली आणि विचारले, “काय जी, दमले काय?” मी म्हटले, “नाही हो.” “मंग असे काऊन दिसता?” यावर उत्तर नव्हते. “कुठी चालले?” “शहानूरला.” “सायकलीनं? काऊन, एस.टी. बंद हाय काय?” मग त्यांनी खिशातून दोन संत्री काढून माझ्या हातात दिली, भाच्याला “बुढ्या माणसाले पळवू नको बे” असे बजावले आणि ते निघून गेले. शर्यतीच्या नियमांप्रमाणे या गृहस्थांनी निदान तीन गुन्हे केले होते. शेजारून वाहन चालवणे, बाहेरून खाणे पुरवणे, आणि दम लागलेल्याला लांब उत्तराचे प्रश्न विचारणे. संत्री गोड होती.

चढ सुरू झाला तसे आमचे बोलणे आपोआप तुटक झाले. मी बोलण्याच्या कसोटीत केव्हाच दोन शब्दांवर आलो होतो. अशा वेळी विचारलेला प्रश्न नेमकाच निघतो. मी विचारले, “समुद्रात. काय झालं?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग थोडे थोडे करून, चढाच्या श्वासाबरोबर, त्याने सांगितले.

निम्म्याहून अधिक पोहून झाले होते. अंगाला लय सापडली होती. डावीकडे दहा हातांवर एक माणूस हातपाय मारत होता, पण जागचा हलत नव्हता. मान वर, डोळे मोठे, तोंडाने श्वास. भाच्याने ओळखले, की याला भीतीने धरले आहे. बचावाच्या होड्या होत्या, पण त्या क्षणी जवळ एकही नव्हती. भाच्याने हात वर करून होडीला खूण केली आणि तो माणूस कवटाळू शकणार नाही इतक्या अंतरावर थांबला. म्हणाला, “पाठीवर व्हा. आकाशाकडं बघा.” मराठीतच म्हणाला, दुसरी भाषा त्या वेळी सुचली नाही. नशिबाने तो मराठी होता. पाठीवर झाला, पण श्वास आवरेना, पुन्हा वळू लागला.

“मग मी त्याला विचारलं, कोणतं गाव?”

“काय?”

“कोणतं गाव. आपल्याकडं विचारतात तसं. दुसरं काही तोंडात आलंच नाही, मामा. तो म्हणाला, निपाणी. मी म्हटलं, शेती आहे का? म्हणाला, आहे. काय लावता? तंबाखू. तंबाखूला पाणी किती पाळ्या? तो सांगायला लागला. सांगायचं म्हणजे श्वास सोडावा लागतो ना. पहिल्यांदा एकेक शब्द सांगत होता, मग दोन-दोन, मग अख्खं वाक्य. बी कधी टाकतात, रोपं कधी लावतात, खुडणी कशी, सगळं. होडी आली तेव्हा तो मला व्यापारी वजनात कसे मारतात ते सांगत होता.”

होडीवाल्याने त्या गृहस्थांना धरले. होडीला किंवा बोयाला धरून विसावा घेणे नियमात बसते, फक्त पुढे सरकायचे नाही. पण त्यांचे मन उडाले होते. ते होडीत चढले. या सगळ्यात दहा-बारा मिनिटे गेली. भाचा मग जीव तोडून पोहला. चार मिनिटे कमी पडली.

आम्ही कडेला थांबलो. मला थांबावेच लागले. मी म्हटले, “अरे, मग घरी सांगितलं का नाहीस? आई रोज रडते आहे. तू घाबरलास असं सारं गाव म्हणतं आहे.”

“म्हणू द्या.” तो बाटलीचे झाकण फिरवत राहिला. “किनाऱ्यावर ते भेटले मला. घरची सगळी आली होती त्यांची. त्यांनी घरी सांगितलं, पोटरीत गोळा आला म्हणून. माझ्याकडं एकदा बघितलं फक्त. मी पण म्हटलं, हो, मीच बघितला गोळा. आता मी इथं सगळी गोष्ट सांगायची म्हणजे कोणाला तरी लहान करायचं. आणि काय सांगणार? दुसऱ्यासाठी थांबलो म्हणून हरलो? ते तर बुडलो म्हणण्यापेक्षा वाईट दिसतं.”

माझ्याजवळ वय होते, अनुभव होता, आणि पुण्याचे असल्यामुळे मतही होते. पण त्या वेळी मी पाणी प्यालो.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात पाहिलेली कावड मला तेव्हा आठवली. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात राजराजेश्वराला पूर्णेच्या पाण्याचा अभिषेक होतो. आदल्या दिवशी शहरातली मंडळे गांधीग्रामला जातात, पूर्णेचे पाणी भरतात आणि रात्रभर अनवाणी चालत, सुमारे १८ किलोमीटर, ते पाणी खांद्यावरून शहरात आणतात. पाण्याच्या भांड्यांना तिथे ‘भरणे’ म्हणतात. एका कावडीला अशी पुष्कळ भरणी बांधतात, आणि कोणाची कावड मोठी, कोणाची सजावट देखणी यात मंडळामंडळांत चढाओढ असते. तिला शर्यत म्हणत नाहीत, पण ईर्षा शर्यतीचीच. रात्री मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. खांद्याखालचा माणूस बोलत नाही. त्याच्या बाजूने चालणारा फक्त “खांदा” एवढा एक शब्द म्हणतो, आणि ओझे एका खांद्यावरून दुसऱ्यावर जाते. “हर्र बोला महादेव” ही आरोळी मात्र सतत चालू. तिच्या तालावर पावले पडतात आणि श्वासही. एका मंडळाचा दांडा एका बाजूला झुकला, तेव्हा मागून आलेल्या दुसऱ्या मंडळातली चार पोरे पुढे धावली. त्यांनी खालून आधार दिला, दोर आवळेपर्यंत उभी राहिली, आणि आपल्या कावडीकडे परत गेली. कोणी कोणाचे आभार मानल्याचे मला ऐकू आले नाही. दहा पावलांवर पुन्हा दोन्हीकडून आरोळ्यांची चढाओढ सुरू झाली होती.

शहानूरच्या नाक्यावर आम्ही सायकली ठेवल्या. पुढचा मुलूख मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा. तिथे नोंद करून, वाटाड्या घेऊन वाहनानेच जावे लागते, आणि वाघाशी गप्पा मारण्याची कोणतीच रीत ठरलेली नसल्यामुळे हे योग्यच आहे. नरनाळा किल्ला एकदा तरी पाहावा. मधला नरनाळा, पूर्वेचा जाफराबाद आणि पश्चिमेचा तेलियागड असे तीन किल्ले मिळून तो झाला आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इमादशाही घराण्याचा संस्थापक फतेउल्ला याने बांधवलेला महाकाली दरवाजा अजून उभा आहे. त्याच्या कमानीवरची अक्षरे, सज्जे आणि दगडातली जाळी बघत मान दुखेपर्यंत उभे राहावे. वर शक्कर तलाव आहे, नऊगजी तोफ आहे, आणि माणसाची चाहूल नाही. आमचा वाटाड्या कोरकू होता. चार तासांत तो अगदी थोडे बोलला. त्यातले तीन शब्द अस्वलाच्या ताज्या पायखुणेविषयी होते. त्याच्या शेजारी चालताना भाचाही शांत होता, आणि माझ्या लक्षात आले, की महिनाभराने त्याचा चेहरा मोकळा झाला आहे.

परतीच्या वाटेवर मी विचारले, “पुन्हा उतरणार?”

“नाव दिलंय.”

“आणि पुन्हा असं कोणी दिसलं तर?”

यावर त्याने नुसती घंटा वाजवली. सायकल माझी होती. त्याच्या सायकलला घंटा नसते. हात लांब करून माझी वाजवली.

संध्याकाळी आम्ही नरसिंग महाराजांच्या मंदिरात गेलो. शेगावचे गजानन महाराज त्यांना भेटायला अकोटला आले आणि दोघे बोलत बसले, ही कथा इथे घरोघर ठाऊक आहे. ताई प्रत्येक भाऊबीजेला ती मला सांगते आणि मी प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकतो. त्या दिवशी ती सांगत असताना माझी जीभ फार वळवळली, परंतु बोललो नाही. भाच्याचे गुपित होते आणि त्याहून अधिक त्या दुसऱ्या गृहस्थांचे.

आबाजींना मात्र फसवता आले नाही. निघायच्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेलो. भाचा पाण्यात फेऱ्या मारत होता आणि आबाजी काठावर बसून त्याच्याशी बोलत होते. म्हशीचे, पावसाचे, सुनेचे. तो पाण्याखाली जाई तेव्हाही बोलणे थांबत नसे. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, “समजलं काय मंग तुमाले?” मी म्हटले, “समजलं.” “मले सांगू नका,” ते म्हणाले. “तोंड पोचट हाय माह्यं. गावभर होईन.”

यंदा या अंकासाठी काहीतरी लिहायचे ठरले तेव्हा मी भाच्याला पत्राने, म्हणजे फोनवरच्या पत्राने, विचारले. त्याने त्या गृहस्थांना विचारले. दोघेही आता मित्र झाले आहेत; एकमेकांना वेळ किती लागला हे विचारत नाहीत, पाऊस किती झाला हे विचारतात. त्या गृहस्थांनी एका अटीवर होकार दिला, त्याप्रमाणे त्यांचे गाव आणि पीक मी बदलले आहे. निपाणीच्या वाचकांनी शोध घेऊ नये. भाच्याने कोणतीच अट घातली नाही. “लिहा,” म्हणाला, “आईला मला सांगता येत नाही.”

ताई दरवर्षी हा अंक अकोटच्या बसस्थानकावरच्या दुकानातून आणते आणि शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात करते. आधी राशिभविष्य, मग कोडी, मग पाककृती. प्रवासलेखाला पोचायला तिला साधारण भाऊबीज उजाडते. मी त्या दिवशी दुपारच्या गाडीने येतो आहे.